मदत हवी आहे : आठवड्याला दोन डायलिसिस पुरतात का? तिसऱ्याबद्दल अभ्यास काय सांगतात?

खडूफळा :

नमस्कार मंडळी. वडिलांच्या (आम्ही तात्या म्हणतो, वय ६४, जुना मधुमेह) डायलिसिसबद्दल विचारायचंय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

तात्यांचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असतं, दर वेळी चार तास. केंद्र तालुक्याच्या गावी, आमच्या वाडीहून एसटीने दीड तास. फिस्टुला (सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) डाव्या हाताला, चांगला चालतो. ड्राय वेट (साठलेलं पाणी काढल्यावरचं वजन) ५८ किलो. गुरुवारी वजन दोन-अडीच किलो वाढलेलं असतं, सोमवारी साडेतीनच्या आसपास. सोमवारीच तिसऱ्या तासाला बीपी पडतं, पायात गोळे येतात आणि मंगळवार अख्खा झोपेत जातो. लघवी होते, पण किती ते कुणी मोजलेलं नाही. डॉक्टर ठरावीक दिवशी येतात. माणूस चांगला, पण बाहेर रांग एवढी की दोन वाक्यांच्या वर बोलणं होत नाही. तिसऱ्या वेळेबद्दल विचारलं तर म्हणाले, "जमत असेल तर करा." जमणं हाच तर प्रश्न आहे. पैसे आहेतच, शिवाय भावाचा आणखी एक रोज बुडणार.

मी ज्युनियर कॉलेजला गणित शिकवते, त्यामुळे संख्याशास्त्राची भाषा थोडी कळते. म्हणून अभ्यास वाचायला घेतले, आणि वाचल्यावर गोंधळ वाढलाय.

सगळीकडे उल्लेख सापडतो तो अमेरिकेतल्या हीमो चाचणीचा. निष्कर्ष २००२ साली आले. १,८४६ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेले. एका गटाला नेहमीचा डोस, दुसऱ्याला वाढीव. मृत्यूत लक्षणीय फरक पडला नाही. हे वाचून कुणी म्हणेल, मग कशाला जास्तीचं डायलिसिस? पण त्यातला प्रत्येक जण आठवड्याला तीनदा मशीनवर होता. वाढीव डोस म्हणजे त्याच तीन वेळांत जास्त सफाई. दोन विरुद्ध तीन हा प्रश्न त्या चाचणीने विचारलेलाच नाही.

दुसरा अभ्यास २०११ चा, तोही अमेरिकेतला, ३२,०६५ रुग्णांचा. हेसुद्धा तीनदावालेच. त्यांच्या आठवड्यात एकदा दोन सुट्ट्या लागोपाठ येतात (म्हणजे शुक्रवारनंतर थेट सोमवार). त्या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण वर्षाला शंभर माणसांमागे २२.१, बाकीच्या दिवशी १८.०. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांमुळे दवाखान्यात दाखल होणंही त्याच दिवशी जास्त. आता तात्यांचं कॅलेंडर बघा. सोमवार झाला की मंगळवार-बुधवार सुट्टी, मग गुरुवार. त्यांचा जो धोक्याचा लांब खंड, तो आमचा सगळ्यांत छोटा खंड आहे. गुरुवार ते सोमवार तर तीन दिवस कोरडे, आणि तो खंड त्या अभ्यासाच्या तक्त्यात कुठे बसतच नाही.

तिसरी गोष्ट रिपोर्टची. तात्यांच्या रक्तातला युरिया (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) डायलिसिसआधी १४०, नंतर ४५. यूआरआर (युरिया किती उतरला ते) ६८ टक्के, केटी/व्ही (सफाईचं माप) १.४. केंद्रात सांगतात, "रिपोर्ट मस्त आहे." अमेरिकेच्या केडीओक्यूआय या किडनीविकाराच्या मार्गदर्शिकेत १.४ हेच उद्दिष्ट आहे खरं, किमान १.२. पण तिथेही अट तीच : आठवड्याला तीन वेळा. मग आमचं १.४ नेमकं कुणाशी ताडून बघायचं?

वेळेबद्दलही असंच. डॉप्स नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत दर अर्ध्या तासाच्या वाढीमागे मृत्यूचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी कमी दिसला. पण ती पाहणी आहे, चाचणी नाही. ज्यांना जास्त वेळ बसवतात ते मुळातच धडधाकट असतील तर? पुढे टाइम नावाची खरी चाचणी झाली, सव्वाचार तासांची, पण दोन गटांच्या प्रत्यक्ष वेळेत फरक इतका थोडा राहिला की ती मध्येच थांबवली. म्हणजे उत्तर नाहीच.

तर मला विचारायचंय ते असं. दोनदावाल्यांबद्दल काही ठोस माहिती आहे का? तिसरी वेळ जमणार नसेल तर चारऐवजी पाच तास केल्याने काही साधतं का? आणि डॉक्टरांशी मिळणाऱ्या दोन वाक्यांत मी काय विचारू? पुण्यात एचडीएफ नावाचं नवं मशीन आहे, तिकडे न्या, असंही एका नातेवाइकांनी सुचवलंय. त्यात तथ्य किती?

कृपया काढे आणि "अमुक वैद्यांकडे मशीन सुटतं" हे नको. ते सगळं व्हॉट्सॲपवर येऊन गेलंय.

सुईवाला :

ताई, मी डायलिसिस टेक्निशियन आहे. पाच तासांच्या प्रश्नाचं उत्तर मशीनच्या पडद्यावरच असतं. सोमवारी साडेतीन लिटर चार तासांत काढायचे म्हणजे तासाला ८७५ मिली. भागिले ५८, म्हणजे किलोमागे तासाला १५ मिली. पाणी ओढण्याच्या या वेगाला यूएफ रेट म्हणतात. हा आकडा १३ च्या वर गेला की मृत्यू आणि हृदयाचा त्रास जास्त दिसतो, असं तुम्ही म्हणता त्याच हीमो चाचणीची माहिती पुन्हा तपासून २०११ मध्ये मांडलं गेलं. १३ च्या आत राहायचं तर तात्यांना निदान चार तास चाळीस मिनिटं लागतील. पाच तास दिले तर १२ वर येतं. बीपी पडणं नि गोळे येणं हे बहुतेक या वेगाचंच आहे. एवढ्या वेगाने पाणी ओढलं तर तरण्या माणसालाही चक्कर येईल. (वर चहा-बिस्किट आणि शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाइन, तेही काढावं लागतं. ते घरी कुणी धरत नाही.)

आता अडचण सांगतो. आमच्याकडे तीन पाळ्या असतात. एकाला पाच तास दिले की पुढचा पेशंट दाराशी उभा. म्हणून शेवटची पाळी मागा, तिथे तासभर जास्त मिळण्याची शक्यता असते. नुसतं "वेळ वाढवा" म्हणू नका, "सोमवारचा यूएफ रेट १५ येतोय" असं म्हणा. आकडा सांगितला की आम्ही पण कान देतो.

आणखी एक. नंतरचा युरिया कसा घेतात ते बघा. रक्ताचा पंप मिनिटाला शंभर मिलीवर आणून पंधरा सेकंद थांबून घ्यायचा असतो. घाईत तसाच ओढला तर सॅम्पलमध्ये साफ झालेलं रक्त मिसळतं आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

दापोलीकर :

मी नऊ वर्षं मशीनवर आहे, आधी दोनदा, आता तीनदा. पाणी कमी प्या असं सगळे सांगतात, मीठ कमी खा हे कुणी ठासून सांगत नाही. मीठ पोटात गेलं की तहान लागणारच, मग माणूस लपून पितो. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी (आमच्याकडे हीच खरी वैरीण) बंद केल्यावर माझं वजन वाढणं जवळजवळ किलोभराने उतरलं. सैंधव चालतं म्हणतात, ते खोटं. तेही मीठच. आणि बाजारातलं "लो सोडियम" मीठ तर घरातच ठेवू नका, त्यात पोटॅशियम असतं, आणि किडनी बिघडली की ते रक्तात साठतं. शहाळंही नको, कितीही ऊन असो.

तिसरी वेळ सुरू केल्यावर मला भूक लागायला लागली, हा माझा अनुभव. पण आठवड्यातले तीन दिवस गेले, हेही तितकंच खरं. तुम्ही मरणाचे आकडे लिहिलेत. तात्यांना काय हवंय ते विचारलंत का?

मूत्रपिंडवाला :

मी या विषयातला डॉक्टर आहे. तात्यांना तपासलेलं नाही, तेव्हा जे लिहितो ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलण्यापुरतंच.

खडूफळाताई, तुमची शंका रास्त आहे. पण तुमच्या मांडणीत जो आकडा सगळ्यांत महत्त्वाचा, तोच नाही : लघवी. मशीन आठवड्याला आठ तास चालतं, उरलेली किडनी रात्रंदिवस. कॅनडा आणि अमेरिकेतल्या पोटाच्या डायलिसिसच्या (मशीनऐवजी पोटात द्रव सोडून करतात त्या) कॅनुसा अभ्यासाचं २००१ मध्ये पुन्हा विश्लेषण झालं, तेव्हा दिवसाला दर २५० मिली जास्त लघवीमागे मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी निघाला. दोनदावाल्यांचीही पाहणी झालेली आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास आला : ज्यांची लघवी आणि किडनीची उरलेली सफाई चांगली, त्यांच्यात दोनदा आणि तीनदा यांत जगण्याचा फरक दिसला नाही. ज्यांची कमी, त्यांच्यात दोनदावाल्यांचे मृत्यू जास्त. हीसुद्धा पाहणीच आहे, तुमचा आक्षेप इथेही लागू. पण दिशा शरीरशास्त्राला धरून आहे.

दोनदा ठेवायचं तर साधारण अपेक्षा अशा : लघवी दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर, दोन डायलिसिसमध्ये वजनवाढ अडीच किलोच्या आत किंवा ड्राय वेटच्या पाच टक्क्यांच्या आत, पोटॅशियम सहसा साडेपाचच्या खाली, खाणंपिणं बरं. ५८ चे पाच टक्के २.९. गुरुवारी तात्या बसतात, सोमवारी बसत नाहीत. तुमच्या १.४ चं उत्तरही यातच आहे. तो एका वेळेचा आकडा आहे. आठवड्याचा हिशेब दोन वेळांची सफाई अधिक किडनीची स्वतःची सफाई असा होतो, आणि त्यातली दुसरी बेरीज तुमच्याकडे नाही. लघवी नगण्य निघाली तर १.४ चा रिपोर्ट दाखवून समाधान मानू नये.

म्हणून दोन वाक्यं अशी : "२४ तासांची लघवी गोळा करून त्यातला युरिया आणि क्रिएटिनिन तपासायचं का?" आणि "सोमवारी मशीनवर घेण्याआधीचं पोटॅशियम किती आहे?" लांब खंडानंतरचे मृत्यू बरेचसे हृदयाचे असतात, त्यात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही येतात. गुरुवारचं पोटॅशियम बघून सोमवारचा अंदाज बांधू नका.

उरलेली लघवी टिकवणं हेही उपचारच आहेत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या गुडघेदुखीला परस्पर देऊ नका. बीपी वारंवार पडलं तरी लघवी आटते, म्हणजे सुईवाल्यांनी सांगितलेला वेगाचा मुद्दा इथेही येतो.

एचडीएफबद्दल. यात नेहमीच्या सफाईसोबत रक्तातलं बरंच द्रव काढून त्याजागी नवं द्रव देतात. युरोपातल्या कन्व्हिन्स चाचणीत (२०२३) १,३६० रुग्ण होते. एचडीएफ गटात १७.३ टक्के मृत्यू, नेहमीच्या हाय-फ्लक्स (मोठ्या छिद्रांच्या फिल्टरच्या) डायलिसिसच्या गटात २१.९. चाचणी चांगली आहे. पण ती तीनदावाल्यांची, आणि ज्यांच्यात दर वेळी निदान २३ लिटर द्रव बदलणं शक्य होतं अशा निवडक माणसांची. तुमच्या परिस्थितीत पुण्याला जाण्याच्या खर्चात तालुक्यालाच तिसरी वेळ होत असेल, तर मी तिसरी वेळ घेईन.

दापोलीकरांच्या शेवटच्या प्रश्नाला जोडून : डायलिसिसच्या चाचण्यांत काय मोजावं हे ठरवायला साँग नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम झाला. त्यात रुग्णांनी थकव्याला फार वरचं स्थान दिलं, आणि हीमोडायलिसिसच्या चार मुख्य निकषांत मृत्यू, हृदयविकार, फिस्टुला-कॅथेटरची अवस्था यांच्यासोबत थकवाही धरला गेला. तात्यांचा मंगळवार हा अभ्यासाच्या भाषेतही मोजण्याजोगा आकडा आहे. सुई काढल्यापासून माणूस पूर्ववत व्हायला किती तास लागतात, ते लिहून ठेवा. वेळ वाढवल्यावर तो आकडा बदलला का, ते कुठल्याही अभ्यासापेक्षा तुम्हाला आधी कळेल.

सोलापुरी चादर :

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत डायलिसिस आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) गाठून तात्यांच्या नावावर किती मंजूर आहे, किती उरलंय ते विचारा. जिल्हा रुग्णालयात प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचं केंद्र असेल तर दारिद्र्यरेषेखालच्यांना तिथे मोफत असतं. ६४ म्हणजे प्रत्यारोपणासाठी आपोआप बाद असं नाही, तेही एकदा विचारून घ्या. पुण्याच्या झेडटीसीसीकडे (प्रत्यारोपणाच्या अवयवांचं वाटप बघणारी संस्था) नोंदणी रुग्णालयामार्फत होते.

खडूफळा :

सगळ्यांचे आभार. रात्री तात्यांना विचारलं. म्हणाले, "तीनदा नको, पण मंगळवार परत मिळत असेल तर पाच तास बसतो." तेव्हा आधी सोमवारची शेवटची पाळी मागणार, आणि लघवी मोजणार. पोटॅशियम आणि लघवीचा रिपोर्ट वाईट आला तर तिसऱ्या वेळेचं पुन्हा बोलू, असं त्यांनी कबूल केलंय.

एक बारीक प्रश्न राहिला : २४ तास नेमके कधीचे धरायचे? आणि एसटीत कॅन घेऊन जायची पंचाईत आहे.

सुईवाला :

रविवार सकाळ ते सोमवार सकाळ. रविवारी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या, वेळ लिहा, नंतरची सगळी एका स्वच्छ कॅनमध्ये, सोमवारी त्याच वेळची शेवटची धरून. कॅन सावलीत थंड जागी ठेवा. सगळी आणू नका. घरी मोजपात्राने एकूण मोजा, हलवून त्यातली छोटी बाटलीभर आणा, आणि चिठ्ठीवर एकूण मिली लिहून चिकटवा. मशीनवर घेण्याआधीचं रक्त त्याच दिवशी जाऊ द्या, म्हणजे दोन्हीचा हिशेब जुळतो.