तुमच्या घरी पहिल्यांदा इंटरनेट आलं तेव्हा... (डायल-अपचे, म्हणजे फोनच्या लाईनवरून नंबर लावून जोडायच्या इंटरनेटचे अनुभव लिहा)

गोदाकाठी
काल इंदिरानगरच्या घरी फायबरवाला आला. भिंतीवरची जुनी टेलिफोनची वायर उतरवली, गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, काकू ही आता टाकून द्या. मला टाकवेना. १९९९ साली ह्याच वायरीतून आमच्याकडे इंटरनेट आलं होतं. बाबा सातपूरला कंपनीत होते, सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी कॉम्प्युटर घेतला, पेंटियम टू, विंडोज ९८, आणि वेगळा बाहेर ठेवायचा मोडेम, म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या लाईनला जोडणारा डबा, त्यावर लाल दिव्यांची रांग. फोन आत स्वयंपाकघराच्या दाराशी आणि कॉम्प्युटर हॉलमध्ये, त्यामुळे लांब वायर जमिनीवरून ओढून आणायची, काम झालं की पिन काढून परत फोनला लावायची.

पण मला खरं लिहायचंय ते आजीबद्दल. मामा डेट्रॉईटला. त्याचं पत्र यायचं म्हणजे आठवडेच्या आठवडे वाट बघायची आणि फोन इतका महाग की 'बरी आहेस ना, बरा आहे' एवढंच बोलणं व्हायचं. ईमेल आल्यावर आजी माझ्या शेजारी स्टुलावर बसून सांगायची आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करायचे. तिच्या बोलण्यात "हे नको लिहूस गं, तो काळजी करेल" हेही यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचं उत्तर हजर! ते डॉट मॅट्रिक्सवर छापायचं, पण आजीला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, म्हणून प्रत्येक ओळीखाली मी पेनाने देवनागरीत लिहून द्यायचे. ते सगळे कागद तिने पोथीच्या कपाटात ठेवले होते, दुपारी चष्मा लावून परत परत वाचायची.

तुमच्याकडे कसं होतं? कसंही लिहा, मोठं लहान चालेल.

सिडकोवाला
६७८ 😄 ज्यांना कळलं त्यांना कळलं.

शेवंती
@सिडकोवाला कनेक्शन लागलं नाही की पडद्यावर यायचे ते एररचे नंबर! ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही, ६७६ लाईन बिझी, ६८० डायल टोनच नाही, ६९१ पासवर्ड चुकीचा. पाढ्यांसारखे पाठ आहेत अजून.
आमच्याकडे भांडण एकच, आईचं आणि दादाचं. आत बेडरूममध्ये दुसरा फोन होता, आईने रिसीव्हर उचलला की कानात खरखर आणि इकडे दादाचं कनेक्शन गेलं. एकदा चार एमबीचं गाणं उतरवत होता, चांगली लाईन असली तरी पंधरा-वीस मिनिटं लागायची त्याला, आणि संपत आलेलं असताना मावशीला 'लोणच्यात मेथी किती' विचारायला आईने फोन उचलला. दादा जेवला नाही त्या रात्री. मग फ्लॅशगेट मिळालं, तुटलं तिथून पुढे डाऊनलोड सुरू करायचं, तेव्हा घरात शांतता झाली. आई आता व्हॉट्सॲपवर दिवसभर असते 🙏
@गोदाकाठी आजीचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

पंचवटीकर
लोणच्यात मेथी किती घालायची मग? आमच्याकडे दरवर्षी कडू होतं.

शेवंती
किलोभर कैरीला दोन चमचे, तेलात मंद तळून मग कुटायची. काळी पडू द्यायची नाही, कडूपणा तिथूनच येतो.

तारवाला_निवृत्त
मी टेलिफोन खात्यात होतो, एक्स्चेंजमध्ये आणि बाहेर लाईनवर दोन्हीकडे काम केलं. त्या काळात लोकांची एकच तक्रार, साहेब मोडेमवर ५६ (म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट) लिहिलंय आणि स्पीड ४० च्याही खाली. त्याचं कारण सांगतो. फोनची लाईन बोलण्यासाठी बनवलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा त्यातून जातो. ५६ चं जे व्ही.९० मानक १९९८ साली आलं ते चालायचं तर एक्स्चेंजपासून पुढचा सगळा रस्ता डिजिटल हवा आणि तुमच्या घरापर्यंतचा तांब्याचा तुकडा स्वच्छ हवा. आणि तेही फक्त उतरवायला, चढवायला ३३.६ च. प्रत्यक्षात काय, खांबावरच्या डब्यात जोड, जोडावर टेप, पावसात त्यात पाणी. मग मोडेम आपणहून स्पीड खाली आणतो.
तो सुरुवातीचा आवाज सगळ्यांना आठवतो ना. त्यात पलीकडचा मोडेम एक लांब सूर देतो, २१०० हर्ट्झचा. तो लाईनवरच्या यंत्रणेला सांगतो की आता माणूस बोलत नाहीये, प्रतिध्वनी दाबायची सोय बंद कर. त्यानंतर जो खरखराट होतो त्यात दोन्ही मोडेम लाईन किती चांगली आहे ते तपासून वेग ठरवतात. मी तो खरखराट ऐकून सांगायचो, आज लाईन ओली आहे.

गोदाकाठी
काका, किती सुंदर सांगितलंत! मला आजवर वाटायचं तो आवाज नुसताच येतो.

सिडकोवाला
काका तुम्हाला दंडवत. आमच्या गल्लीत पहिल्या पावसाला लाईन गेली की गणपतीपर्यंत येत नसे, लाईनमनला चहा-भजी देऊन देऊन आई कंटाळली होती.

द्राक्षबाग
दिंडोरीकडून. आमच्या वडिलांनी नाशिकला शिकणाऱ्या थोरल्या भावासाठी घेतलेला कॉम्प्युटर सुट्टीत गावी आणला नि मग तिथेच राहिला कारण वडिलांनाच नाद लागला. बागेत मणी भरायला लागले की ढगाचा धसका असतो, अवकाळी आला तर वर्षाची मेहनत जाते. हवामान खात्याचं इन्सॅट उपग्रहाचं ढगांचं चित्र उघडायचं, वरून एकेक पट्टी खाली येत येत भारत दिसायचा, महाराष्ट्र येईपर्यंत सगळे श्वास रोखून. आजूबाजूचे चार-पाच बागायतदार अंगणात थांबलेले असायचे, पांढरं दिसलं का विचारायला. रात्री बारा वाजता सुद्धा यायचे. आज मोबाईलवर तासातासाचा अंदाज येतो पण ती एकत्र वाट बघणं वेगळं होतं, त्यात धीर होता.
आणि वीज! मे-जूनमध्ये कडाडली की लोक लाईटची बटणं बंद करायचे पण फोनची पिन राहायची. खांबावरून आलेली तांब्याची तार थेट मोडेममध्ये, आमच्या भागात दर उन्हाळ्यात मोडेम जळायचे.

तारवाला_निवृत्त
अगदी बरोबर. एक्स्चेंजकडून अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारा भाग, असतो पण घराच्या टोकाला बहुतेकांकडे काहीच नसायचं.

तिसरा_मजला
आमच्याकडे फोनच नव्हता, नंबर लावून वडील वाट बघत होते. मी कॉलेज रोडच्या एका कॅफेत जायचो, ६० रुपये तास, लाकडी खोक्यांसारखे कप्पे. त्या पैशात मित्र आणि मी एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसून हॉटमेल उघडलं. दोन एमबीचा इनबॉक्स, तो भरला की जुनं पुसत बसायचं. नंतर घरी फोन आला तेव्हा इंटरनेटचं सीडीचं पॅक आणायचं, तासांच्या हिशोबाने मिळायचं ते, आणि वर फोनचे कॉल वेगळे. ३ मिनिटांचा एक कॉल, म्हणजे तासाला वीस. दोन महिन्यांनी बिल आलं की वडील आकडा बघून काही बोलायचे नाहीत, फक्त कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचे. ते न बोलणं मला फार लागायचं, त्यातून एक पद्धत शिकलो: आऊटलुक एक्स्प्रेसमध्ये सगळी पत्रं आधी लिहून ठेवायची, मग कनेक्ट, सेंड-रिसीव्ह, लगेच तोडायचं. वाचायचं असेल ते पान सेव्ह करून नंतर निवांत.

सिडकोवाला
हेच हेच! वर्क ऑफलाईन!

जुनापेठकरी
तुम्ही सगळे ९९ वाले. आम्ही त्याच्या आधीचे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सुरू केलं ते मोठ्या शहरांत, नाशिकमधून लावायचं तर मुंबईचा नंबर, म्हणजे एसटीडी, बाहेरगावचा महाग कॉल. रात्री अकरानंतर एसटीडी पाव दरात, म्हणून मी अकरापर्यंत जागा. चित्रं नाहीतच, शेल अकाऊंट, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, कमांड टाईप करायच्या. त्यातून परदेशातल्या विद्यापीठाला अर्जाबद्दल विचारलं आणि एका प्राध्यापकांचं उत्तर आलं. मेन रोडच्या वाड्यात बसून! पुढे मी गेलो नाही, घरची जबाबदारी होती, पण त्या उत्तराने जगाचं दार किती जवळ आहे ते कळलं आणि दोन्ही मुलींना मी कधी 'हे आपल्यासाठी नाही' असं म्हटलं नाही.

शेवंती
❤️

पंचवटीकर
मराठी फॉन्टचं कुणीच लिहिलं नाही? शिवाजी फॉन्ट, किरण फॉन्ट. तुमच्याकडे लिहिलेलं समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर नुसत्या इंग्रजी चिन्हांचा ढीग. फ्लॉपीवर फॉन्ट घेऊन मी नातेवाईकांकडे फिरायचो. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरांचे एकच सामाईक कोड, रुळलं आणि मंगल फॉन्टमध्ये सरळ मराठी दिसायला लागलं तेव्हा आमच्या घरी पेढे आणले होते, खरंच.
आणि मेथीबद्दल आभार, यंदा दोनच चमचे.

द्राक्षबाग
@तारवाला_निवृत्त काका, गावी आता फायबर आलंय पण राउटरची लाईट सारखी जाते येते, त्याला घराच्या टोकाला काही संरक्षण लावावं का?

तारवाला_निवृत्त
फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. राउटरच्या प्लगला चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग तपासून घ्या, शेतावरच्या घरात अर्थिंगच नसतं बहुतेकदा. फोटो पाठवा, बघून सांगतो.