सरकारी विद्यापीठातला लैंगिकतेचा कोर्स आणि आपला टॅक्स

कार्मेलकर_बाबा:

नमस्कार मंडळी. आम्ही इंडियानात, इंडियानापोलिसच्या उत्तरेला कार्मेलमध्ये राहतो, सोळा वर्षं झाली. मुलगी ब्लूमिंग्टनला, इंडियाना युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, विषय बायॉलॉजी. थँक्सगिव्हिंगला घरी आली तेव्हा जेवताना म्हणाली, "पुढच्या सेमिस्टरला ह्यूमन सेक्शुअॅलिटी घेतलंय, तीन क्रेडिट्स." केमिस्ट्री घेतलंय म्हणावं तशा आवाजात. बायको "बरं" म्हणाली आणि तिला पोळी वाढली. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

नंतर मंडळाच्या मीटिंगमध्ये माझ्याच तोंडून विषय निघाला. एक जुना मित्र म्हणाला, "अरे, ते लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या किन्सीचं विद्यापीठ. इथल्या विधिमंडळाने २०२३ मध्ये त्यांचे पैसे बंद केले ते उगीच नाही. आपण राबून टॅक्स भरायचा आणि त्यातून असले विषय शिकवायचे?" दोघांनी मान डोलावली. मला उत्तर सुचलं नाही.

मुलीला अडवायचं नाहीये. ती वीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा शहाणी आहे. पण पैशाचा प्रश्न मनातून जात नाही. माझ्या कामावर इथल्याच, इंडियानातल्या फ्रँकफर्ट गावाजवळच्या शेतकरी घरातला एक जण आहे. दर रविवारी चर्चला जातो, सरळ माणूस. जे त्याला पाप वाटतं ते त्याच्या टॅक्समधून शिकवायचं का? आणि त्याला नाही म्हणायचा हक्क दिला, तर उद्या माझ्या मुलीच्या बायॉलॉजीतल्या उत्क्रांतीलाही कुणी नाही म्हणेल. कुणी नीट विचार केला असेल तर सांगा.

वऱ्हाडी_ओहायोत:

तुमच्या मित्राचं मला पटतं. २००३ साली मी कॅन्ससमध्ये विचिटाला होतो. त्याच राज्यात लॉरेन्सच्या कॅन्सस विद्यापीठात असाच कोर्स होता, समाजकार्य विभागात, शेकडो मुलं बसायची. वर्गात दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओंवरून आमच्याच भागातल्या सिनेटर सुसान वॅगल यांनी आवाज उठवला आणि बजेटमध्येच अट घातली. गव्हर्नर कॅथलीन सिबेलियस यांनी ती व्हेटो केली. विद्यापीठाने चौकशी करून प्राध्यापकांना निर्दोष ठरवलं. तेव्हाही मला वॅगलबाईंचं म्हणणं रास्त वाटलं होतं, आजही वाटतं. ज्ञान बंद करा असं मी म्हणत नाही. ज्यांना हवं त्यांनी देणग्या गोळा कराव्यात.

आणि किन्सीचं कौतुक करणाऱ्यांनी त्याच्या १९४८ च्या पुस्तकातलं लहान मुलांवरचं प्रकरण विसरू नये. मुलांवर अत्याचार करणाऱ्या माणसाच्या नोंदी 'माहिती' म्हणून छापल्या. मला दोन मुलं आहेत. ते वाचून मी रात्रभर झोपलो नाही.

कृष्णाकाठची:

बाबा, हाच विषय मी ह्याच विद्यापीठात १९९९ साली शिकले, म्हणून लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक गुंता सोडवते. तुमच्या मित्राने दोन गोष्टी एक केल्यात. २०२३ मध्ये सरकारी पैसे बंद झाले ते किन्सी इन्स्टिट्यूटचे, म्हणजे संशोधन संस्थेचे. लोरिसा स्वीट या आमदारांनी बजेटला दुरुस्ती आणली, कनिष्ठ सभागृहात ती ५३ विरुद्ध ३४ मतांनी मंजूर झाली. पुढे कायदाच झाला की त्या संस्थेची जागा, वीजपाणी, ऑफिसचं सामान, संशोधन, कशालाच राज्याचा पैसा वापरायचा नाही. तुमच्या लेकीचा कोर्स पब्लिक हेल्थवाले शिकवतात. त्याला या कायद्याने हात लावलेला नाही. आणि त्याची फी तर तुम्ही स्वतः भरताय.

पण ती संस्था जन्मली मात्र एका कोर्समधूनच. आल्फ्रेड किन्सी मूळचा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, ओकच्या पानांवर गाठी आणणाऱ्या इवल्याशा किड्यांचा अभ्यास करणारा. १९३८ साली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींच्या संघटनेने लग्नाविषयी कोर्स द्या अशी मागणी केली. मुलींनी, बाबा. किन्सीने तो सुरू केला. मुलं-मुली वर्गानंतर त्याला गाठून प्रश्न विचारायची आणि त्याच्या लक्षात आलं की त्यांची उत्तरं कुठल्या पुस्तकात नाहीतच. तेव्हा त्याने लोकांनाच विचारायला सुरुवात केली. गावातले पाद्री आणि काही डॉक्टर चिडले. १९४० मध्ये अध्यक्ष हर्मन वेल्स यांनी त्याला सांगितलं, कोर्स तरी ठेवा नाहीतर मुलाखती. त्याने कोर्स सोडला. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे अठरा हजार मुलाखती घेतल्या.

आता वऱ्हाडीदादा म्हणतात ते देणग्यांचं. किन्सीला ते करून झालंय. १९४० च्या दशकात त्याचा मोठा पैसा रॉकफेलर फाउंडेशनकडून यायचा. १९५३ मध्ये बायकांवरचं पुस्तक आलं, ओरड झाली, अमेरिकी काँग्रेसची (संसदेची) एक समिती फाउंडेशनांच्याच मागे लागली, आणि १९५४ मध्ये रॉकफेलरने हात काढून घेतला. दोन वर्षांत किन्सी गेला. देणगीदार घाबरला की विषय संपतो. त्याला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. र. धों. कर्वे मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी नोकरी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढलं ते पदरमोड करून. खटले झाले, दंड झाले, १९३४ च्या खटल्यात तर बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते आणि तरीही ते हरले. १९५३ मध्ये कर्वे गेले आणि त्याच वर्षी मासिक थांबलं. सव्वीस वर्षांचं काम एका माणसाच्या श्वासावर चाललेलं होतं. त्यांच्यामागे एक विद्यापीठ, एक विभाग, एक ग्रंथालय असतं तर? मी हा विचार पुष्कळदा केलाय.

आता माझं. हे मी नवरा सोडून कुणाला सांगितलेलं नाही. इथे माझं नाव नाही, म्हणून लिहिते.

मी मिरजेची. १९९५ ला लग्न झालं, नवऱ्याच्या पीएच.डी.साठी ब्लूमिंग्टनला आले. चार वर्षं आमचा संबंध म्हणजे दुखणं होतं. मला वाटायचं बायकांचं असंच असतं. मावशीने लग्नाच्या आदल्या रात्री तेवढंच सांगितलं होतं, "सोसावं लागतं." नवरा बिचारा समजूतदार, तोही गप्प. सासूबाईंची पत्रं यायची, शेवटच्या ओळीत पाळण्याची चौकशी. मी पत्र घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवायचे.

नर्सिंगला जायचं होतं म्हणून एकेक विषय घेत होते, त्यात हा आला. मोठा हॉल, खूप मुलं, मी शेवटून दुसऱ्या रांगेत, स्वेटर गळ्यापर्यंत. बाईंनी दाराशी पुठ्ठ्याचा खोका ठेवला होता. प्रश्न लिहून टाका, नाव नको. तिसऱ्या आठवड्यात मी टाकला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिला. पुढच्या तासाला बाईंनी तो वाचला. कुणी हसलं नाही. त्या म्हणाल्या, हे खूप जणींना होतं, याला वैद्यकीय नाव आहे, उपचार आहेत, आणि ज्यांनी लिहिलंय त्यांनी इतके दिवस एकट्याने सोसलं असेल तर मला वाईट वाटतं.

मी रडले नाही. वहीत ते नाव लिहून घेतलं आणि स्पेलिंग बरोबर आहे का ते दोनदा पाहिलं. पुढच्या महिन्यात डॉक्टरकडे गेले. वर्षभरात दुखणं गेलं. आमची थोरली २००१ ची.

तो हॉल, त्या बाईंचा पगार, तो खोका, हे सगळं सरकारी विद्यापीठाचं होतं. तुमच्या त्या फ्रँकफर्टच्या सहकाऱ्याच्या आईवडिलांनी भरलेल्या टॅक्समधला एखादा पैसा त्यात असेल. मी त्यांची ऋणी आहे. आणि गेली वीस वर्षं मी इथल्या क्लिनिकमध्ये नर्स म्हणून काम करते. चर्चला जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या सुना आणि लेकी माझ्याकडे येतात आणि अगदी माझ्या मावशीचंच वाक्य इंग्रजीत बोलतात. त्यांना मी जे सांगते ते त्या हॉलमध्ये शिकलेलं आहे. त्यांचा पैसा त्यांच्याकडेच परत गेलाय.

निवृत्त_मास्तर_फलटण:

ताई, वाचून बराच वेळ बसून राहिलो.

आमच्याकडचं थोडं सांगतो. २००७ मध्ये केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला होता. विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्र सरकारने शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबवलं. मी तेव्हा अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होतो. प्रजननाच्या धड्याला मुलं खिडकीबाहेर बघत बसायची आणि मीही फळ्याकडे तोंड करून आकृती काढायचो, भराभर. आदेश आला तेव्हा खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची आज लाज वाटते. दोन वर्षांनी वर्गातली एक मुलगी कॉलेज सोडून गेली, का ते सगळ्या गावाला माहीत होतं. तिने माझ्याकडे येऊन एकदा विचारलं होतं, "सर, त्या धड्यातलं एक विचारू का?" मी म्हटलं, मॅडमना विचार. स्टाफरूममध्ये मॅडम नव्हत्याच.

वऱ्हाडी_ओहायोत:

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, तुमचं बरं झालं याचा आनंद आहे. पण मुलांच्या नोंदींचं काय? ते उत्तर टाळलंत.

कृष्णाकाठची:

टाळलं नाही दादा, लिहायला जड जातं म्हणून मागे राहिलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते वाईट होतं. पुस्तकात ती माहिती अनेक माणसांची म्हणून मांडली होती. ती एकाच माणसाच्या नोंदींतली होती, हे १९९० च्या दशकात संस्थेचेच संचालक जॉन बॅनक्रॉफ्ट यांनी सांगितलं. पोलिसांत जायला हवं होतं. त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही.

पण त्या काळी अशा संशोधनावर नजर ठेवणारी समितीच नव्हती. माणसांवरच्या संशोधनासाठी नैतिक समित्या सक्तीच्या झाल्या त्या १९७४ च्या कायद्यानंतर, आणि त्याही सरकारी पैशाच्या जोरावर: पैसे हवेत तर समिती हवी. आज तुम्हाला एखाद्या कोर्सविषयी शंका असेल तर सरकारी विद्यापीठाला जाब विचारता येतो, विश्वस्तांच्या बैठकीला बसता येतं, कागद मागता येतात. एखाद्या धनिकाच्या बैठकीत तुम्हाला कोण बसू देईल? इंडियानात किन्सी इन्स्टिट्यूट विद्यापीठापासून वेगळी काढायचा घाट घातला होता तेव्हा ब्लूमिंग्टनचे लोक, प्राध्यापक, विद्यार्थी बोलले, विश्वस्तांनी विषय लांबवला आणि मार्च २०२४ मध्ये संस्था विद्यापीठातच ठेवायचं ठरवलं. राज्याच्या पैशावरची बंदी आहे तशीच आहे.

बाबांच्या उत्क्रांतीच्या भीतीबद्दलही लिहायचं होतं. ती भीती खरी आहे. साउथ कॅरोलायनात २०१४ मध्ये आमदारांनी दोन कॉलेजांचे पैसे कापायचं ठरवलं, एकाचे ५२,००० डॉलर, दुसऱ्याचे १७,१४२. पहिल्या वर्षाच्या मुलांना समलिंगी माणसांच्या आयुष्यावरची पुस्तकं वाचायला दिली म्हणून, आणि रक्कम त्या उपक्रमांच्या खर्चाइतकीच. शेवटी पैसे ठेवले, पण तेवढेच डॉलर राज्यघटना वगैरे शिकवण्यावर खर्चा अशी अट घालून. घटना मलाही प्रिय आहे. पण कुठल्या पुस्तकाला किती पैसे हे आमदार १७,१४२ पर्यंत मोजायला लागले, की शिक्षक पुढच्या वर्षी पुस्तक निवडतानाच घाबरतो. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, तसा.

कार्मेलकर_बाबा:

ताई, मास्तर, दादा, सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलीला फोन केला. कोर्सचं पुस्तक महाग आहे, जुनं मिळतंय का बघते म्हणाली. मी म्हटलं, नवं घे, पैसे मी पाठवतो. मग थोडं थांबून म्हटलं, सेमिस्टर संपलं की घरी घेऊन ये, आईला आणि मला वाचायचंय.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, जानेवारीत सोडायला येताल ना? रस्ता बर्फाचा असतो."

जाणार आहे.