जपून ठेवलेल्या ईमेलच्या फायली तुम्ही कशा उघडल्या?

बाबांचा कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं. त्यात 'पत्रे' नावाचं फोल्डर, आत दोनशेच्या वर डॉट ईएमएल फायली. डबल क्लिक केलं की विंडोज विचारणार, कशात उघडू? नोटपॅड म्हटलं. वर तारीख, पाठवणाऱ्याचा पत्ता, खाली नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. शेवटी थंडरबर्ड हे मेल वाचायचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, 'लोकल फोल्डर्स'खाली एक फोल्डर करून फायली त्यात ओढल्या, आणि मावशीचं चकलीच्या भाजणीचं प्रमाण जसंच्या तसं समोर! तुमचे अनुभव लिहा.

*

ती रांगोळी म्हणजे बेस६४. ईमेल मुळात साध्या इंग्रजी अक्षरांपुरता बनला. त्यामुळे देवनागरी, फोटो वगैरे माल त्याच अक्षरांत बांधून पाठवतात, तीन बाइटची चार अक्षरं करून. सहा एमबीचा फोटो आठ एमबीचा होतो तो यामुळेच. फाइल बिघडलीय समजून मी अशा पन्नासेक उडवल्या होत्या. अजून हळहळ वाटते.

*

आमच्या सोसायटीच्या आधीच्या सेक्रेटरींनी कार्यभार देताना एक सीडी हातात ठेवली. सगळ्या डॉट एमएसजी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल सॉफ्टवेअरच्या फायली! घरी आउटलुक नाही. नाव बदलून ईएमएल करून पाहिलं (हसू नका), काही उपयोग नाही, कारण एमएसजीची आतली रचनाच वेगळी. फुकट रूपांतर करून देणाऱ्या साइट बऱ्याच आहेत, पण सभासदांचे खाते क्रमांक असलेली पत्रं परक्याच्या सर्व्हरवर कशी चढवायची? लेकाने लिनक्सवर 'एमएसजीकन्व्हर्ट' चालवून ईएमएल करून दिल्या. त्याला मिसळ खाऊ घातली.

*

मॅकवर डबल क्लिक केलं की ईएमएल उघडते. मिरवत नाहीये.

*

माझी मेल उघडली, तरी वाचता येईना. भाऊ तेव्हा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करायचा. तो फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ. मजकूर वर्डमध्ये चिकटवला, जुना फॉन्ट शोधून बसवला, तेव्हा कुठे कळलं की पठ्ठ्याने पैसेच मागितले होते.

*

आमच्याकडे आउटलुक एक्सप्रेस या विंडोजच्या जुन्या मेल सॉफ्टवेअरची इनबॉक्स डॉट डीबीएक्स होती, अख्ख्या फोल्डरची मिळून एकच फाइल. माळ्यावरचा विंडोज एक्सपीवाला डबा खाली काढला, झटकला, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. सुरू झाला! एक्सप्रेसमधून मेल निवडून डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये ओढल्या की प्रत्येकीची वेगळी ईएमएल होते. बाहेर काढेपर्यंत पंखा ट्रॅक्टरसारखा घरघरत होता.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. अजून एक अडलंय. एका मेलला विनमेल डॉट डॅट नावाचं काहीतरी चिकटलंय, ते उघडत नाही.

*

ते आउटलुकचं गाठोडं. जोडलेल्या फायली त्यातच असतात. थंडरबर्डमध्ये 'लुकआउट' हे ॲड-ऑन टाकून बघा. आणि भाजणीचं प्रमाण इथे द्या की!