मदत हवी आहे: रोडिओवरच्या लघुपटाची मराठी सबटायटल्स, ‘काउबॉय ख्रिसमस’ला काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

टेक्ससमध्ये सिनेमा शिकणाऱ्या भाच्याच्या लघुपटाची सबटायटल्स मी करतेय. बायको गेलेला रोडिओ स्वार, पदरी दोन लेकरं, तिघांचा संसार पिकअपमध्ये.

रोडिओ म्हणजे काउबॉय मंडळींच्या स्पर्धा, त्यात पगार नसतो. प्रवेश फी पदरची भरायची आणि उसळत्या बैलावर एका हाताने दोर धरून ८ सेकंद टिकायचं. मोकळा हात बैलाला किंवा स्वतःला लागला तरी बाद. आधी पडला तर गुण नाहीत, म्हणजे पेट्रोलचे पैसेही अंगावर. म्हणून आठ सेकंद टिकला का, हेच धाकटी फोनवर पहिलं विचारते. मी ‘आठ भरले?’ लिहिलं, तर नवऱ्याला शिशुपाल आठवला! आता मलाही ते अशुभ वाटायला लागलंय.

खरी अडचण ‘काउबॉय ख्रिसमस’ची. ४ जुलैच्या आसपास अमेरिकेत गावोगावी रोडिओ असतात. स्वार रात्रभर गाडी हाकत एकातून दुसऱ्यात जातात, वर्षातली मोठी कमाई तेव्हाच. ख्रिसमस ठेवला तर आपला प्रेक्षक बर्फ शोधत बसेल. ‘सुगी’ सुचलंय. पण थोरला बापाला टोमणा मारतो की आपल्या घरात हा एकच ख्रिसमस येतो. तो टोमणा सुगीत हरवतो.

बैल सोडण्याआधी ज्या लोखंडी चौकटीत उभा करतात तिला ‘खोडा’ चालेल का? बैलाच्या मागच्या मांड्यांपुढे आवळतात त्या पट्ट्याला ‘तंग’ म्हणवत नाही, तंग खोगिराचा.

शिवाय थोरला पंधरा वर्षांचा. सुरुवातीला ‘बाबा, तू’ ठेवलंय. बापाची बरगडी मोडते आणि पोरगा स्टिअरिंग घेतो, तिथून ‘तुम्ही’ करू का? भाचा म्हणतो, इंग्रजीत ‘यू’च आहे, मावशी, काहीही कर. (हा दिग्दर्शक!)

ओळीत जेमतेम ३५ अक्षरं बसतात.

प्रतिसाद:
खोडा बरोबर, आमच्याकडे लस टोचताना जनावर त्यातच घालतात. पट्ट्याला नुसतं ‘पट्टा’ म्हणा, पडद्यावर दिसतोच आहे. धाकटी ‘टिकलास?’ एवढंच विचारू दे. सुगी पहिल्यांदा येईल तिथे ‘सुगी, आपला ख्रिसमस’ असं एकदा लिहा, म्हणजे पुढचा टोमणा लागेल.

‘तुम्ही’चं मात्र जपून. आमचा मुलगा मला ‘तुम्ही’ म्हणतो तो फक्त रागावल्यावर. तुमचा थोरला तेव्हा रागावलेला आहे की घाबरलेला?