साइट इंजिनिअर प्रामाणिक असण्याने इमारतीला नेमका काय फरक पडतो?

समिती_सदस्य
रत्नागिरीत किनाऱ्यालगत आमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. सात मजले, काँक्रीट एम३० (२८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकदीचं). कंत्राटदार म्हणतो, "चाचण्यांचे अहवाल मिळतायत ना, मग माणसांच्या स्वभावाचं काय घेऊन बसलात?" प्रवचन नको. नीतिमत्ता साइटवर कुठे दिसते आणि आम्ही काय तपासायचं, तेवढं सांगा.

वाळू_खडी
आधी पाणी बघा. पंप अडकायला लागला, गँगला काम उरकायचंय, की मिक्सरमध्ये बादल्या रिकाम्या होतात. घनमीटरला ३६० किलो सिमेंट आणि १६२ लिटर पाणी धरा, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५. सहा घनमीटरच्या मिक्सरमध्ये १५ लिटरच्या आठ बादल्या गेल्या म्हणजे घनमीटरमागे २० लिटर वाढले. गुणोत्तर ०.५० च्या वर! आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेला उघड्या काँक्रीटला ०.४५ ही कमाल मर्यादा आहे. ताकद घटते ती घटतेच, पण तुमच्याकडे खरा धोका खाऱ्या हवेचा. काँक्रीट सच्छिद्र झालं की क्षार सळईपर्यंत लवकर पोचतात.

अहवालात यातलं काही येत नाही, कारण क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) बादल्या ओतण्याआधीच भरलेले असतात. म्हणून नमुना मिक्सर निम्मा रिकामा झाल्यावर घ्या आणि स्लंप (ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते) तिथेच मोजा. गाडीबरोबरच्या चलनावरची प्लांटमधून निघाल्याची वेळ बघा. घट्ट झालं असेल तर प्लांटच्या माणसाने ठरलेल्या मर्यादेत काँक्रीट सैल करणारं रसायन, म्हणजे अॅडमिक्श्चर द्यावं, नाहीतर गाडी परत. रात्री अकरा वाजता मागे दोन गाड्या उभ्या असताना "परत" म्हणणारा माणूस हवा, आणि तो चाचणीने मिळत नाही.

क्यूब_मोल्ड
क्यूबचंही तेच. ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने, नमुन्याला तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांचे बारा. पहिला संशय कमी आकड्यांवर नको, फार सारख्या आकड्यांवर घ्या. एम३० साठी गृहीत प्रमाण विचलनच (निकालांतला नेहमीचा चढउतार) ५ आहे. महिनोन्‌महिने सगळे निकाल ३८.२, ३८.४, ३८.३ येत असतील तर क्यूब वेगळे 'बनवले' जातायत किंवा आकडे टेबलावर लिहिले जातायत. ओल्या क्यूबवर तुमच्या माणसाने खिळ्याने सही आणि तारीख कोरावी, फोडताना तीच सही दिसली पाहिजे.

शंका उरली तर तयार काँक्रीटमधून कोअर (गोल नमुने) कापून काढा, किमान तीन. समतुल्य क्यूब ताकदीची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के हवी, एकही ७५ च्या खाली नको. नुसत्या रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर ठोकून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) कुणी बोळवण केली तर मान्य करू नका.

मोजमाप_पुस्तक
वरचं सगळं बरोबर, पण दोघांनीही पैसे देणाऱ्याला मोकळं सोडलंय. आर.ए. बिल (चालू कामाचं टप्प्याचं बिल) चार महिने अडकवायचं आणि कंत्राटदाराकडून सचोटीची अपेक्षा करायची, हे जमत नाही. त्याची उधारी वाढते, मग कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) कमी होतात, प्रॉप (स्लॅबखालचे टेकू) लवकर निघतात. ४.५ मीटरहून मोठ्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे प्रॉप १४ दिवस ठेवायचे असतात. पुढच्या मजल्याला तेच सामान लागतं म्हणून ते आठव्या दिवशी काढले जातात, आणि कागदावर मात्र १४ च असतात.

दुसरं, तपासणाऱ्याचा पगार कोण देतो? कंत्राटदार देत असेल तर त्याच्या सहीला किंमत नाही. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. अटक झालेल्यांत बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही होते. तिथे अडवायचं काम ज्यांचं, त्यांच्यावरच संशय गेला.

समिती_सदस्य
समितीत इंजिनिअर कुणीच नाही. आम्ही स्वतः काय करू शकतो?

वाळू_खडी
स्वतंत्र इंजिनिअर नेमा, पगार सोसायटीतून. त्याच्या सहीच्या पोअर कार्डशिवाय (काँक्रीट ओतण्याआधीची तपासणी यादी) पहिली गाडी आत यायची नाही, हे करारातच घाला. कार्डावर सळईचा व्यास आणि अंतर, रिंगांचे (उभ्या-आडव्या सळयांभोवतीच्या कड्यांचे) हूक १३५ अंशात, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), प्रॉपची पक्की बैठक, आणि दोन चालू वायब्रेटर (एक बंद पडतोच). झाकलं जाणारं काम आधी मोजा, फोटो काढा, मग बिलात घ्या. आणि त्याने एखादा स्लॅब एक दिवस थांबवला तर त्या दिवसाचा खर्च कुणाचा, हेही आत्ताच लिहून ठेवा. नाहीतर दुसऱ्या वेळी तुम्हीच त्याला "चालवून घ्या" म्हणाल.