'फ्येलत्रोनेन' डोक्यातून जाईना, आपल्याकडं असा अल्बम होईल का?

बालाघाटचा_वारा:
नमस्कार मंडळी, मी बीडचा, बँडमध्ये रिदम गिटार वाजवतो, आजवर नुसतं फास्ट मेटल ऐकलेला माणूस. मागच्या महिन्यात मित्रानं वोंगराव्हेनचा 'फ्येलत्रोनेन' ऐकायला दिला. १९९५ चा नॉर्वेचा अल्बम, सॅटिरिकॉन बँडच्या सॅटिरचा हा वेगळा प्रोजेक्ट आणि सोबतीला एम्परर बँडचा इसान, दोन्ही बँड ब्लॅक मेटलचे, म्हणजे मेटलमधला एकदम काळोखा प्रकार. नावाचा अर्थ डोंगरावरचं सिंहासन. डिस्टॉर्शन म्हणजे गिटारचा फाटका आवाज नाही, धडाधड ड्रम नाहीत, अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि त्यात पहिला ट्रॅकच जवळपास तेरा मिनिटांचा. लाईट गेलेली होती, माळवदावर पडून ऐकला आणि मला थेट देवगिरीची अंधारी आठवली. शाळेच्या सहलीत त्या भुयारात गाईडनं मशाल विझवली होती अन् गोंधळ घालणारी आमची सगळी पोरं एकदम गप झाली होती, काळजात जे झालं होतं ते वीस वर्षांनी परत झालं.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. हे ऐकून मध्ययुगीन वाटतं, पण यातलं मध्ययुगीन म्हणजे नक्की काय, कारण वाजवलंय तर बहुतेक कीबोर्डवरच. आणि आपल्या मातीतला असा अल्बम करायचा तर सुरुवात कुठून करू? मी खरंच करणार आहे.

लातूरकर_बेसवाला:
भावा तू एकटा नाहीस, त्या काळी नॉर्वेत ही लाटच होती. मॉर्टिस एम्पररचा बेस सोडून निघाला आणि १९९४ मध्ये पहिला अल्बम काढला तो म्हणजे एकच पीस दोन भागात, पन्नास मिनिटांच्या वर, नुसता सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. डार्कथ्रोन बँडच्या फेनरिझनं त्याच सुमाराला नेपच्यून टॉवर्स नावाचा प्रोजेक्ट केला, पण ते अंतराळातलं, किल्ल्यातलं नाही. दोन्ही ऐक, फरक कळंल. किल्ल्यातल्या या संगीताला पुढं डन्जन सिंथ नाव पडलं, डन्जन म्हणजे किल्ल्यातलं तळघर.

मध्ययुगीन का वाटतं ते सांगतो. जुन्या चर्चमधल्या गाण्यात एक आवाज चाल धरायचा आणि दुसरा आवाज तीच चाल पाच सुरांच्या अंतरानं बरोबरीनं चालवायचा, म्हणजे आपल्या भाषेत सा आणि प हातात हात घालून. आता गिटारवर तू दोन सूर एकदम वाजवतोस तो पॉवर कॉर्ड बघ, सा आणि प च आहे की! म्हणून मेटलवाल्याचा हात तिकडं आपोआप जातो. डिस्टॉर्शन काढ, तेच ऑर्गनच्या आवाजात अगदी संथ वाजव अन् बघ. वरून डोरियन मोड ही जुनी पाश्चात्त्य सुरावट वापर, म्हणजे काफी थाटाचेच सूर. बाकी काम मोठा रिव्हर्ब म्हणजे आवाजाची घुमण करते, दगडी कमानीत घुमल्यासारखी. मला तर वाटतं ते मध्ययुग खरं नाहीच, विसाव्या वर्षी त्या पोरांनी मनात बांधलेलं आहे आणि म्हणूनच ते इतकं लागतं.

गोदाकाठ:
बेसवाले दादा, सूरांचं पटलं पण मनात बांधलेल्यावर थांबू नका. आपल्याकडं खरंखुरं आहे ना. शारंगदेवाचा 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीलाच लिहिला गेला, सिंघण यादवाच्या दरबारात, हिंदुस्तानी आणि कर्नाटकी दोघंही त्याला आपला मूळ ग्रंथ मानतात, आणि आपण मराठवाड्यातली माणसं देवगिरीला जाऊन तोफ बघून खाली येतो, याचं मला फार वाईट वाटतं. अल्बमला विषय पायजे असंल तर हाच घ्या.

अंधार पायजे तर तोही आहे. नॉर्वेत १३४९ ला प्लेग आला, तिकडच्या एका ब्लॅक मेटल बँडचं नावच १३४९ आहे. आपल्याकडं १३९६ पासून दुर्गादेवीचा दुष्काळ, बारा वर्षं चालला म्हणतात. आपल्यापेक्षा जास्त दुष्काळ कुणाला कळतो हो?

एक विनंती, सतार आणि बासरी घालू नका. संबळ घ्या. तुळजापूरच्या गोंधळात रात्री दोन वाजता सगळे दमलेले असतात, दिवटीचा उजेड, आणि त्यावेळी संबळाचा मोठ्या तोंडाचा भाग नुसता घुमत असतो, तो आवाज एकटा ठेवा, तुणतुण्याची एक तार खाली धरा, बास.

अंधारी_आणि_वटवाघळं:
मी साऊंडचं काम करतो, संभाजीनगरला. रिव्हर्ब प्लगइनमधला, म्हणजे कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमधला तयार, घेऊ नका, जागेचा घ्या. फुगा फोडायचा, तो फट आवाज आणि मागची घुमण रेकॉर्ड करायची, ती फाईल कन्व्होल्युशन रिव्हर्बमध्ये, म्हणजे खऱ्या जागेची घुमण आवाजाला लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकली की तुमचं कीबोर्ड त्या खोलीत वाजल्यासारखं ऐकू येतं. पण हात जोडून सांगतो, अंधारीत फुगे फोडू नका, तिथं वटवाघळं आहेत, आणि तसंही पुरातत्त्व खात्याच्या जागेत सामान घेऊन जायचं तर परवानगी लागते. गावात गढी असंल, तिथलं धान्य साठवायचं बळद, पेव, नाहीतर जुना वाडा, तिथं करा. फोन चालतो, फक्त जवळ धरू नका, आवाज फाटतो.

औंढ्याला नागनाथाच्या देवळात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की माणसं हळू बोलतात तरी छातीत वाजतं, खाली छत किती बुटकं आहे. मोठी जागा म्हणजेच चांगली घुमण असं नसतंय.

बालाघाटचा_वारा:
सगळ्यांचे आभार, तीन दिवस हेच करायलोय. संबळवाल्या काकांशी बोलणं झालंय, नवरात्रानंतर या म्हणलेत.

आजोळी गेलतो. गढी पडलीय पण एक बळद शाबूत आहे, त्यात फुगा फोडला, घुमण छोटी पण एकदम जाड निघाली. मग तिथंच ओसरीवर आजीचं जातं दिसलं. फोन ठेवला आणि नुसतं फिरवायला लागलो, दगडावर दगड, तर आजी आतून ओरडली, रिकामं जातं फिरवू नगं रं, दगड झिजतेत. तिनंच मूठमूठ ज्वारी घातली. आणि काय सांगू, ज्वारी पडल्याबरोबर आवाज खाली उतरला, खरखर गेली आणि नुसती घरघर राहिली. घरी येऊन स्पीड निम्मा केला, एक सप्तक खाली गेलं. बेसवाले दादा, त्याच्यावर सा-प धरलाय ऑर्गनमध्ये. आजी मधेच ओवी गुणगुणायला लागली होती तीही आलीय रेकॉर्डिंगमध्ये, शब्द कळत नाहीत स्लो केल्यावर, ती काढू का ठेवू?

गोदाकाठ:
ठेवा. आणि एकदा फुल स्पीडचं पण ऐकवा आम्हाला, शब्दांसकट.