‘ग्रॅज्युअल’ आणि ‘इन्क्रिमेंटल’ : दोन्हींना ‘क्रमशः’ म्हणून भागेल का?

प्रश्नकर्ता : एका अहवालाचे भाषांतर करताना अडलो आहे. कामकाजातील बदल इन्क्रिमेंटल होता, ग्रॅज्युअल नव्हता, असा मूळ इंग्रजी वाक्याचा आशय आहे. शब्दकोशाच्या भरवशावर मी दोन्हींसाठी ‘क्रमशः’ योजला आणि ‘बदल क्रमशः होता, क्रमशः नव्हता’ असे वाक्य तयार झाले. संपादकांनी समासात फक्त एक उद्गारचिन्ह काढून मसुदा परत पाठवला. इंग्रजीत हा भेद नेमका कसा केला जातो आणि मराठीत तो कसा आणावा?

निवृत्त शिक्षिका : ग्रॅज्युअल म्हणजे उतार आणि इन्क्रिमेंटल म्हणजे जिना, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. संध्याकाळचा उजेड ग्रॅज्युअल कमी होतो, कारण तो कोणत्या क्षणी कमी झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. इन्क्रिमेंटल बदलाची मात्र प्रत्येक पायरी मोजता येते. गंमत अशी की व्युत्पत्ती नेमकी उलट बोलते. ग्रॅज्युअलच्या पोटात लॅटिन ‘ग्रॅडुस’, म्हणजे पाऊल किंवा पायरी आहे, तर इन्क्रिमेंट ज्या ‘क्रेस्केरे’ या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ नुसताच ‘वाढणे’. पायरीचा शब्द उतारावर गेला आणि वाढीचा जिन्यावर बसला. आपल्या ‘क्रमशः’मधला ‘क्रम्’ धातूही पाऊल टाकण्याचाच, त्यामुळे तो मुळाने ग्रॅज्युअलचा भाऊ आणि अर्थाने इन्क्रिमेंटलचा. माझ्या मते ग्रॅज्युअलला ‘हळूहळू’ आणि इन्क्रिमेंटलला ‘टप्प्याटप्प्याने’ म्हणावे.

अनुवादक : ‘टप्प्याटप्प्याने’ला माझा विरोध आहे, कारण तो ‘फेज्ड’चा प्रतिशब्द आहे. टप्पे आधी ठरलेले असतात, मोजके असतात आणि शेवटचा टप्पा कोणता हेही ठाऊक असते. इन्क्रिमेंटलला अशी योजना लागतेच असे नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स लिंडब्लॉम यांनी १९५९ मध्ये मांडले की प्रशासन धोरणाची मुळापासून नवी रचना सहसा करत नाही, तर चालू धोरणात थोडाथोडा फेरफार करत वाट काढते. त्या विचाराला इन्क्रिमेंटॅलिझम हे नाव चिकटले. तिथे पुढची पायरी कोणती हे पायरी चढणाऱ्यालाही माहीत नसते. म्हणून मी ‘थोडीथोडी भर घालत’ असे लिहीन.

शुद्धिप्रेमी : भर घालत म्हटले की घटीचे काय करणार? ‘इन्क्रिमेंटल डिक्लाइन’ असा प्रयोग हल्ली सर्रास वाचावा लागतो आणि तो ‘वाढती घट’ म्हणण्याइतका विचित्र आहे. ज्या शब्दाच्या मुळाशी वाढ आहे तो वाढीसाठीच राखून ठेवावा आणि मराठीत त्याला ‘वृद्धिक्रमी’ म्हणावे.

संगणकवाला : ‘वृद्धिक्रमी’ हा शब्द आपल्याखेरीज कोणी उच्चारील असे वाटत नाही. आमच्याकडे संख्या वाढवण्याला इन्क्रिमेंट आणि कमी करण्याला डिक्रिमेंट असे वेगळे शब्द आहेत हे खरे. पण इन्क्रिमेंटल बॅकअप घेताना मागच्या बॅकअपनंतर जेवढे बदलले तेवढेच उचलले जाते, मग तो मजकूर वाढलेला असो वा छाटलेला. विशेषणातली वाढ केव्हाच झडून गेली आहे. मूळच धरून बसायचे तर टेपर म्हणजे आधी बारीक मेणबत्ती. ती वर निमुळती होत जाते म्हणून निमुळते होण्याला तेच क्रियापद मिळाले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोख्यांची खरेदी टेपर, म्हणजे थोडीथोडी कमी, करण्याचे सूतोवाच केले आणि बाजार हादरले, तेव्हा मेणबत्ती कोणालाही आठवली नसेल.

डॉक्टर : टेपरचा विषय निघालाच आहे तर अनुभव सांगतो. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यावर एकदम बंद करणे धोक्याचे असते, म्हणून मी एका रुग्णाला ‘गोळी हळूहळू बंद करा’ असे सांगितले. त्यांनी आठवण होईल तसे दिवस गाळायला सुरुवात केली, आणि हळूहळूचा तोही एक अर्थ असू शकतो हे मला मान्य करावे लागले. आता किती दिवसांनी किती मात्रा कमी करायची हे मी लिहून देतो. शब्दातले चित्र उताराचे असले तरी व्यवहारात टेपर हा जिनाच असतो.

निवृत्त शिक्षिका : इंग्रजीत इव्हॉल्व्ह आणि रिव्हॉल्व्ह एकाच ‘गुंडाळण्या’तून निघाले, तसे आपल्याकडे क्रांती आणि उत्क्रांती एकाच ‘क्रम्’मधून. संथ आणि झपाट्याच्या बदलाला दोन्ही भाषांनी एकच मूळ पुरवले. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत इव्होल्यूशन हे नाम नाही, मात्र ग्रंथाचा अगदी शेवटचा शब्द ‘इव्हॉल्व्ह्ड’ आहे.

प्रश्नकर्ता : मुदत संपत आल्यामुळे मी ‘बदल थोड्याथोड्या भरीने झाला, नकळत नव्हे’ असे लिहून पाठवले.

अनुवादक : ‘नकळत’ने घात केला. ग्रॅज्युअल बदल डोळ्यांदेखत, सर्वांना कळत असतानाही होतो. शिवाय ‘नकळत’मध्ये कोणाचे तरी दुर्लक्ष सूचित होते, जे मूळ वाक्यात नाही.

शुद्धिप्रेमी : मग ‘हळूहळू’च बरा होता. फक्त तो ‘लघु’वरून आला आहे आणि संस्कृतात लघु म्हणजे हलका, तसाच चपळही, हे विसरू नये.

संगणकवाला : म्हणजे वेगाचा शब्द आपण मंद गतीला दिला! मग लवकर तयार होणारे पीक ते ‘हळवे’, हाही त्याच घरचा का?